कूलरपुढचे सिलिंडर

निवृत्त झाल्यावर ओळखीच्या बायका भेटल्या की विचारतात, "नलिनीताई, तुम्ही फॅक्टरीत नक्की करत काय होता?" मी सांगते, "वस्तू फोडत होते." त्या हसतात. त्यांना वाटतं मी विनोद करतेय. मी बिल्कुल विनोद करत नसते. फरीदाबादच्या कारखान्यात माझं अर्धं काम वस्तू घडवायचं होतं आणि अर्धं त्याच वस्तू फोडायचं, आणि खरं सांगू का, फोडायचं अर्धं मला जास्त आवडायचं. आजही गाडीखाली काही टणकन वाजलं की माझे कान टवकारतात.

आम्ही राहायचो दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात. बाबा एका मंत्रालयात होते, त्यामुळे क्वार्टर सरकारी, शेजारी सरकारी आणि गप्पाही सरकारी. आमच्या जिन्यात सगळ्यांची मुलं कुठल्या ना कुठल्या परीक्षेला बसलेली. त्यात गायकवाडांची मुलगी रोज बसने फरीदाबादला जाते आणि "प्लास्टिकचं काहीतरी" करते, एवढंच लोकांना माहीत. शेजारच्या मिश्रा आंटींनी तर मला एकदा साबणदाणी आणायला सांगितली होती. बाबांनी ते ऐकलं आणि रात्री जेवताना म्हणाले, "बघ हं नलू, अजून वेळ गेलेली नाही. माझ्या खात्यात जागा निघतायत." मी आमटी वाढून घेतली.

साबणदाणी नव्हतेच मी करत. मी करत होते क्लचचा सिलिंडर. आता हे काय ते सांगते, घाबरू नका. दवाखान्यातल्या दोन सिरिंज घ्या. दोघींच्या तोंडांना एकच नळी जोडा आणि आत पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एकीचा दट्ट्या दाबलात की दुसरीचा आपोआप बाहेर येतो, कारण पाणी काही दाबून लहान होत नाही, त्याला जागा द्यावीच लागते. झालं, हायड्रॉलिक्स शिकून झालं. गाडीत तुम्ही क्लच पायाने दाबता तेव्हा पायाजवळची सिरिंज दाबली जाते, आणि पार तिकडे इंजिनाच्या मागची दुसरी सिरिंज क्लच ढकलते. फक्त आत पाण्याऐवजी तेल असतं. ही पायाजवळची सिरिंज म्हणजे मास्टर सिलिंडर. त्याला दोन बाजूंना भोक असलेले दोन कान असतात, त्या कानांतून बोल्ट घालून तो गाडीला आवळतात.

त्या काळी हे सिलिंडर ओतीव लोखंडाचे असायचे. ओतायचे, मग आतून कातायचे, घासून आरशासारखे करायचे, तरी दोन पावसाळ्यांत गंज चढायचाच. मला तो प्लास्टिकचा करायचा होता. बादलीचं प्लास्टिक नव्हे. नायलॉन, आणि त्यात काचेचे बारीक बारीक तंतू मिसळलेले. वजन लोखंडाच्या पाव हिश्शालाही नाही, गंज नाही, आणि साच्यातून निघतो तो आतून गुळगुळीत होऊनच निघतो. नव्वदीच्या सुरुवातीला दिल्लीच्या आसपास हे कुणी करत नव्हतं. निदान आमच्या माहितीत तरी नव्हतं, आणि आम्ही तसं छाती पुढे काढून सगळ्यांना सांगतही होतो.

कारखान्याचे मालक सूरी साहेब. मूळचे लायलपूरकडचे, फाळणीनंतर त्यांच्या वडिलांनी इथे एका शेडमध्ये लोखंडी ब्रेकचं काम सुरू केलं होतं. साहेबांना नव्याची भारी हौस, पण हौस टिकायची नाही. चार वर्षं मी त्यांच्या ओतीव लोखंडाच्या विभागात काढली होती. नाकात काजळी, कानात खणखणाट. मग एकदा त्यांना पटवून मी प्लास्टिकचा कोपरा मिळवला. एक साचेवाली मशीन, दोन माणसं, आणि चाचणीची एक लांबट खोली. त्या खोलीचा राजा होता प्रीतम सिंग.

प्रीतम सिंग वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, बल्लभगढचा. दाढी विंचरलेली, पगडी कडक इस्त्रीची, आणि चाचणीची मशीन्स त्याच्या हाताखाली कुत्र्यासारखी शहाणपणाने वागायची. सिलिंडरला पंप लावायचा, तेल भरायचं आणि दिवसरात्र दाबायचं-सोडायचं, दाबायचं-सोडायचं, म्हणजे गाडीच्या आयुष्यभराचं क्लच दाबणं काही आठवड्यांत उरकायचं. शेवटी जाड काचेच्या पेटीत ठेवून फुटेपर्यंत दाब चढवायचा. तेल दाबलं जात नसल्याने सिलिंडर फुटतो तेव्हा बॉम्ब होत नाही, फक्त "टक्क" आवाज होतो आणि तेलाची एक चिळकांडी काचेवर उडते. ती चिळकांडी उडाली की प्रीतम सिंग म्हणायचा, "लो जी, शहीद हो गया." आणि मी फुटका सिलिंडर हातात घेऊन चीर कुठून सुरू झाली ते बघायला धावायची. यार, त्या मजेची सर कशालाच नाही.

आमचे सिलिंडर त्याच्या खोलीत एकामागून एक पास होत होते. गाडीत जेवढा दाब येतो त्याच्या चौपट दाब सहज सोसत होते. सूरी साहेब खूश. मी तर हवेतच. आणि अशा वेळी बत्रा साहेब आले.

बत्रा साहेब म्हणजे ज्या टेम्पो कंपनीला आम्ही हा सिलिंडर विकणार होतो तिथले गुणवत्तेचे प्रमुख. उंचेपुरे, पांढरे शुभ्र केस, बोलणं मोजकं. त्यांचा एक नेम होता. कुणीही कुठलाही नवा भाग आणला की ते आधी कागद वाचत नसत. भाग हातात घ्यायचे, उभे राहायचे, हात खांद्याच्या उंचीवर न्यायचे आणि खालच्या सिमेंटवर सोडून द्यायचे. फरीदाबादेत याला सगळे "बत्रा टेस्ट" म्हणायचे. का, तर त्यांचं म्हणणं, असेंब्लीच्या लाइनवर माणसाच्या हातून वस्तू पडतेच, आणि पडलेली वस्तू तो गपचूप उचलून गाडीला लावतोच. त्यात चूक काहीच नव्हतं.

मे महिना होता. बाहेर लू अशी की डोळ्यातलं पाणी सुकावं. बत्रा साहेबांनी आमच्या टेबलावरचे नमुने घेतले नाहीत. गोदामातलं बंद खोकं मागवलं, वरची प्लास्टिकची पिशवी फाडली, सिलिंडर काढला आणि हात खांद्याशी नेऊन सोडला.

टक्क. एक कान तुटून मशीनखाली गेला.

त्यांनी दुसरा काढला. सोडला. त्याचाही कान गेला. तिसरा वाचला, चौथ्याचा गेला. मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "गायकवाड मैडम, आप बाल्टी बनाइए. बाल्टी अच्छी चीज़ है. घर-घर में लगती है."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. पण जमिनीवर कान पडलेले. बत्रा साहेब जाताना सूरी साहेबांना म्हणाले, "क्लच पर आदमी भरोसे से पैर रखता है, सूरी जी. बारिश से पहले एक मौका और दूँगा. उसके बाद लोहा."

त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि सूरी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "देख बेटा, बारिश तक पास हो गया तो ठीक. नहीं हुआ तो मशीन बेच दूँगा, और तू वापस फाउंड्री में." म्हणजे पुन्हा काजळी. आणि घरी बाबांच्या खात्यातल्या जागा तयार होत्याच. परत लोखंडाकडे जायचं माझ्या मनात नव्हतं, त्यामुळे मशीन गेली तर मी मंत्रालयात टेबलामागे बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रीतम सिंगच्या खोलीत त्याच्या फळीवरचे सिलिंडर एकेक करून पाडले. खांद्यावरून पाडले, टेबलावर चढून पाडले. एकाचाही कान तुटेना. प्रीतम सिंग तर जिंकल्यासारखा हसत होता. "मैडम जी, बत्रा साहब के हाथ में नज़र है." मी म्हटलं, नजरेने नायलॉन फुटत नाही. मग खोक्यातले आणून पाडले, तर ते फुटले. तोच साचा, तीच मशीन, तोच माल, तोच मी आखलेला कान. फळीवरचा शहाणा आणि खोक्यातला ठिसूळ?

मग सुरू झाली शोधाशोध. साचेवाल्या मशीनच्या दोघांना मी धारेवर धरलं. दाणे नीट सुकवले नव्हते का? नायलॉनचे दाणे वितळवण्याआधी भट्टीत कोरडे करावे लागतात, नाहीतर माल फसफसतो. त्या बिचाऱ्यांनी सगळं चोख केलं होतं. मी मशीनचं तापमान बदललं, वेग बदलला, थंड करायचा वेळ बदलला. खोक्यातले फुटतच राहिले. चोर सोडून मी संन्याशांना फाशी देत सुटले होते, आणि आकाशात ढग मात्र कधीही येतील असं वाटत होतं.

रविवार आला. आईने उन्हाळ्याचे उडदाचे पापड केले होते. दिल्लीच्या उन्हात पापड असे वाळतात की कोल्हापूरच्या बायकांनी हेवा करावा. गच्चीवर एका दिवसात खडखडीत. मी पलंगावर पडून छताकडे बघत मनातल्या मनात कान तोडत होते, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "हा डबा कूलरपुढे कुणी ठेवला? अगं नलू, सगळे पापड सादळले की."

बाबांनीच ठेवला होता. डबा उघडा, आणि कूलर अख्खी दुपार त्यावर ओली हवा फेकत होता. मी उठून गेले. एक पापड हातात घेतला. तो वाकला. दोन बोटांत धरून दुमडला तरी मोडेना. मग स्वयंपाकघरात गच्चीवरून आणलेली परात होती, त्यातला एक उचलला. बोट लागताच काडकन तुकडा पडला.

पीठ एकच. लाटणारी एकच. एक वाकतो, एक मोडतो.

माझ्या डोक्यात असा लख्ख प्रकाश पडला की मी तिथेच फरशीवर बसले. चाचणीच्या खोलीतही असाच कूलर होता, आणि प्रीतम सिंगची फळी त्याच्या बरोबर तोंडासमोर होती. माझं पाऊल त्या खोलीत पडायचं तेव्हा थंडगार झुळूक यायची आणि मी म्हणायची, वा. फळीवरचे सिलिंडर आठवडे न् आठवडे त्या झुळुकीत बसले होते. आणि खोक्यातले? मशीनमधून गरमागरम निघाले, प्लास्टिकच्या पिशवीत बंद झाले, पाण्याच्या थेंबाची भेट नाही. नायलॉन पाणी पितं हे मला कॉलेजात शिकवलं होतं. दाण्यांच्या वेळी ते मला आठवायचं. पण वस्तू झाल्यावरही ती पीत राहते, आणि पाणी प्यायलं की ती चिवट होते, हे मी आईच्या पापडाशिवाय जोडूच शकले नव्हते.

आई म्हणाली, "काय गं, उन्हाने चक्कर आली का?"

"आई, आमचे सिलिंडर सादळलेत."

"मग गच्चीवर टाक," ती म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

सोमवारी प्रीतम सिंगला विचारलं, फळी कूलरपुढे का लावली? तो ओशाळून म्हणाला, "मैडम जी, इतनी गर्मी में प्लास्टिक नरम पड़ जाएगा, सोचा ठंडी हवा में रखूँ. आपकी मेहनत है." आता या माणसाला काय बोलणार? इतक्या मायेने केलेल्या चुकीवर रागावता येत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तिथेच ठेवले असते. मी त्याला म्हटलं, "सरदारजी, हमारे सिलिंडर सील गए हैं, पापड़ जैसे." त्याने कूलरकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. मग त्यालाही उमगलं आणि त्याने मांडीवर अशी थाप मारली की गेजचा काटा हलला.

पण नुसतं वाटून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. पाणी प्यायलं असेल तर वजन वाढलं असणार. एका साच्यातले सिलिंडर वजनाला जवळजवळ जुळे असतात, म्हणजे फरक दिसायला हवा. आमच्याकडचा काटा लोखंड मोजणारा, त्याला इतक्या थोड्याची काय पर्वा. प्रीतम सिंग म्हणाला, चलो, करोल बाग. तिथे त्याच्या मेहुण्याच्या ओळखीचा सराफ होता. आम्ही दोघं भर दुपारी त्याच्या दुकानात शिरलो. बांगड्या बघणाऱ्या बायकांमध्ये बसलो आणि पिशवीतून काळे कुळकुळीत सिलिंडर काढून मखमलीवर मांडले. सराफ बघतच राहिला.

"ये तौलना है?"

"हाँ जी. दोनों अलग-अलग."

"सोना चढ़वाना है क्या?"

मी म्हटलं, "पास हो गया तो चढ़वा लेंगे." त्याने सोन्याच्या काट्यावर आधी खोक्यातला ठेवला. मग फळीवरचा. फळीवरचा जड निघाला. दुसरी जोडी ठेवली, पुन्हा तेच. तिसरी जोडी ठेवली, तेच. बारीकसाच फरक, पण दर वेळी त्याच बाजूचा. मी आणि प्रीतम सिंग तिथेच एकमेकांचे हात हलवायला लागलो. शेजारच्या बाई आपल्या नवऱ्याला कुजबुजल्या, "लगता है लॉटरी लगी है." त्यांना काय माहीत, लागलीच होती.

आता उपाय. सरळ आहे, वस्तू झाली की तिला पाणी पाजायचं. गार पाण्यात ठेवलं तर फार दिवस लागतात, म्हणून उकळायचं. आम्ही कॅन्टीनमधलं राजम्याचं सगळ्यात मोठं पातेलं पळवलं आणि सिलिंडर शिजवायला घातले. कॅन्टीनवाला आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. भिजलेले पोहे फुगतात तसा नायलॉनही किंचित फुगतो, आतलं भोक केसभर मोठं होतं, म्हणून साच्यातली भोक घडवणारी सळई आधीच केसभर बारीक केली. पण माझ्या मनाला एक गोष्ट टोचत होती. पाणी प्यायल्यावर कान वाचतो, कबूल. पण पाण्याशिवाय तो मोडतो, याचा अर्थ कानातच काहीतरी कच्चं आहे. मी तुटलेले कान पुन्हा मांडून बसले. प्रत्येकाची चीर एकाच जागी सुरू झाली होती, कान जिथे अंगाला चिकटतो त्या काटकोनी खाचेत. मी लोखंडाची सवय तशीच उचलून नायलॉनला लावली होती. लोखंड टोकदार कोपरा खपवून घेतं, नायलॉन नाही. मग साच्याची ती धार घासून गोल करवून घेतली, म्हणजे कानाच्या मुळाशी एक छानसा गोल भराव आला. दिसायला काही नाही. अंगठा फिरवला तर कळेल एवढंच.

आणि ढग जमायला लागले तसे एके सकाळी बत्रा साहेब न सांगता हजर झाले.

मी पातेल्यासमोर उभी. हातात झारा. वाफेने केस कपाळाला चिकटलेले. ते दारात थबकले. "ये क्या पक रहा है?"

सूरी साहेब घाईघाईने पुढे झाले. "ये जी, हाइड्रो ट्रीटमेंट है. बाहर के मुल्कों में यही चलता है."

बत्रा साहेबांनी पातेल्यात डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उबाल रहे हैं, सर. नायलॉन सूखा हो तो टूटता है, पानी पी ले तो नहीं टूटता." त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. म्हणाले, "डिब्बा लाइए."

पाणी पाजलेल्या मालाचं बंद खोकं आणलं. पहिला सिलिंडर खांद्यावरून सुटला. ठप्प. उसळला, लोळला, कान शाबूत. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे शाबूत. साहेबांच्या भुवया जरा वर गेल्या. मग ते वरच्या ऑफिसचा लोखंडी जिना चढून गेले आणि पार वरून एक सोडला. तो सिमेंटवर आपटून असा उसळला की थेट प्रीतम सिंगच्या कूलरखालच्या पाण्यात गेला. प्रीतम सिंग आपली इस्त्रीची पँट विसरून गुडघ्यावर बसला, हात घालून तो बाहेर काढला आणि पगडीसमोर धरून ओरडला, "दोनों कान सलामत, साहब."

सूरी साहेबांच्या जिवात जीव आला. त्यांनी चहा सांगितला. पण बत्रा साहेब जिना उतरले ते सरळ माझ्याकडे आले. "एक बात बताइए, मैडम. ये टेम्पो राजस्थान जाएगा. छह महीने लू में खड़ा रहेगा. पानी उड़ गया तो?"

माझ्या मागच्या कपाटात नव्या साच्यातले, गोल कोपऱ्याचे, पण न उकळलेले कोरडे सिलिंडर होते. मी ते मुद्दाम भट्टीत सुकवून ठेवले होते, माझ्या स्वतःच्या समाधानासाठी. मी स्वतः त्यातले दोनच पाडून पाहिले होते, पुढे धीर झाला नव्हता. सूरी साहेबांना ते ठाऊक होतं. त्यांनी बत्रांच्या पाठीमागून मला डोळ्यांनी नको, नको म्हणून खुणावलं. खरंच, गप्प बसले असते तर काम झालं होतं. नुसतं म्हणायचं, इतक्या सहजी उडत नाही सर, आणि ते खोटंही नव्हतं. पण माणूस बरोबर प्रश्न विचारतो तेव्हा त्याला चुकवायचं कसं? मी कपाट उघडलं. "ये बिल्कुल सूखे हैं, सर. राजस्थान से भी सूखे. आप ही गिराइए."

सूरी साहेबांनी डोळे मिटले.

बत्रा साहेबांनी खांद्यावरून सोडला. तो आवाज वेगळाच होता, कोरडा, टणक. मी जमिनीकडे पाहिलंच नाही. प्रीतम सिंगच्या तोंडाकडे पाहिलं. त्याची दाढी हसली तेव्हा कळलं, कान जागेवर आहे. दुसरा पाडला, वाचला. तिसराही वाचला. मग साहेब पुन्हा जिना चढले. वरून सोडला आणि या वेळी मात्र टक्क, कान उडाला.

बत्रा साहेब सावकाश खाली आले. तुटलेला कान उचलला, चष्मा कपाळावर चढवून चीर पाहिली, गोल कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "ये कोना पहले ऐसा नहीं था."

"नहीं था, सर."

त्यांनी तो कान स्वतःच्या खिशात टाकला. "ठीक है. सीढ़ी से क्लच कोई नहीं गिराता." मग चहाचा कप उचलता उचलता म्हणाले, "मैडम, बाल्टी रहने दीजिए."

सूरी साहेबांनी त्या दिवशी अख्ख्या कारखान्याला लाडू वाटले. आणि पहिले, मे महिन्यात ज्यांना मी धारेवर धरलं होतं त्या मशीनवाल्या दोघांना. मी घरी येऊन आईला सांगितलं, पास झालं, तुझ्या पापडांमुळे. ती म्हणाली, "बरं झालं. पण ते पापड मला पुन्हा वाळवावे लागले." फुटलेला एक सिलिंडर मी तिला आणून दिला होता. त्यात ती उदबत्ती लावायची. बाबा त्यानंतर खात्यातल्या जागांबद्दल बोलले नाहीत, उलट मिश्रा आंटींना स्वतःच समजावायचे, "साबुनदानी नहीं जी, क्लच. इसी के भरोसे गाड़ी चलती है."

नंतर पुष्कळ वर्षं मी तेच काम केलं. किती तरी वस्तू घडवल्या, त्याहून जास्त फोडल्या. प्रीतम सिंग गेला, तो त्याच्या खोलीतला कूलर निघून एसी आला त्याच सुमाराला. बत्रा साहेब निवृत्त होऊन नोएडाला राहायला गेले होते. एकदा भेटायला जाऊ, एकदा जाऊ म्हणता म्हणता राहूनच गेलं, आणि मग जाण्यासारखं कुणी उरलं नाही. त्यांना विचारायचं होतं, तो कान खिशातून काढून ठेवला कुठे. याची चुटपुट मला आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या गाडीचा क्लच मऊ पडला. मेकॅनिक म्हणाला, मास्टर सिलिंडर बदलावा लागेल, करोल बागेतून आणा, स्वस्त पडेल. मेट्रोने गेले. दुकानातल्या पंजाबी तरुणाने एक खोकं काढलं, पिशवी फाडली आणि काळा सिलिंडर काउंटरवर ठेवला. मी उगाच साळसूदपणे विचारलं, "बेटा, ये तो प्लास्टिक का है. चलेगा?"

"आंटी जी, लोहे वाला अब कौन लगाता है. बस असली होना चाहिए. नकली बहुत आते हैं."

"असली कैसे पहचानें?"

तो काउंटरमागून बाहेर आला. सिलिंडर हातात घेतला, हात खांद्याच्या उंचीवर नेला आणि खालच्या फरशीवर सोडून दिला. ठप्प. सिलिंडर उसळून माझ्या चपलेशी येऊन थांबला.

"नकली होता तो कान टूट जाता," तो म्हणाला. "पूरे मार्केट में सब ऐसे ही देखते हैं."

"ये किसने सिखाया?"

"पता नहीं जी. पिताजी भी ऐसे ही करते थे."

मी वाकून तो उचलला. अंगठा आपोआप कानाच्या मुळाशी गेला. कोपरा गोल होता.